अँबेसेडर मार्क २: इंजिन नवं बांधलं, तरी गरम झाल्यावर ऑईल प्रेशर पडतंय

कृष्णाकाठ (सांगली)

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं नुसता वाचत आलो, आज पहिल्यांदा मदत मागायला धागा काढतोय.

गाडी अँबेसेडर मार्क २, १९६८ची, १४८९ सीसी पेट्रोल. बाबांनी १९८१ साली मिरजेतल्या एका डॉक्टरांकडून घेतली. माझ्या दोन्ही बहिणींची पाठवणी याच गाडीतून झाली. ऑगस्ट २०१९च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा ती आमच्या गावभागातल्या घराच्या अंगणात उभी होती. माणसं बोटीतून बाहेर काढली, गाडी राहिली. सहा दिवस छपरापर्यंत पाण्यात. पाणी ओसरल्यावर बाबांनी घराआधी गाडीचं विचारलं होतं.

पैसे जमवत जमवत यंदा इंजिन बांधून घेतलं. रिबोअर, नवे पिस्टन आणि रिंगा, क्रँक वीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) घासला, मेन (क्रँक धरणारी) आणि बिग एंडची (कनेक्टिंग रॉडची) बेअरिंगं विसाच्या मापाची नवी, व्हॉल्व्ह गाइड नवे, ऑईल पंपही नवा. तेल २०डब्ल्यू-४०.

आता दुखणं. सकाळी थंड इंजिन चालू केलं की गेजवर ५५ पीएसआय. तासगावला जाऊन पोचेपर्यंत काटा खाली खाली येतो. तिथे आयडलला ८, ताशी ५० ला २५. सिग्नलला थांबलं की लाल दिवा लुकलुकतो. ज्यांनी बांधलं ते म्हणतात, 'नवं इंजिन आहे, बसेल हळूहळू.' हजार किलोमीटर झाले, बसलं नाही.

बाबा ८१ वर्षांचे आहेत. दत्तजयंतीला याच गाडीतून नरसोबाच्या वाडीला जायचं त्यांनी ठरवलंय. कुठून सुरुवात करू?

घाटमाथा

२०डब्ल्यू-५० टाका, सोबत तेल दाट करणारी बाटली मिळते ती ओता. माझ्या मार्क ४ ला तीन वर्षं तेच चाललंय. जुन्या इंजिनाला १० पीएसआय पुष्कळ झालं. फार खोलात जाऊ नका, गाडी चालवा.

जीपवाला_कोरेगाव

प्रेशर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली एक वायसर टाका. आमच्याकडं समदे हेच करत्यात. काटा लगेच वर.

थाऊमास्तर (पलूस)

कृष्णाकाठ, आधी बाबांना माझा नमस्कार सांगा.

मी नोकरीची ३१ वर्षं मापं घेण्यात घालवली, म्हणून मापापासूनच सुरुवात करतो. इंजिन खोलायची घाई करू नका. आणि घाटमाथा, जीपवाले, तुम्हा दोघांचं मन न दुखावता सांगतो, ते दोन्ही उपाय या दुखण्यावरचे नाहीत.

पंप प्रेशर तयार करत नाही. पंप फक्त तेल ढकलतो. त्या तेलाला बाहेर पडताना जी अडचण होते, ती आपल्याला गेजवर प्रेशर म्हणून दिसते. तासगावच्या बागायतदाराला हे सांगावं लागत नाही. ठिबकची नळी मध्येच फुटली की शेवटच्या वेलीला पाणी पोचत नाही, आणि नवी मोटर बसवली म्हणून फुटकी नळी सांधत नाही.

आता तुमचे आकडे बघा. थंड असताना ५५. तेल दाट असतं तेव्हा इंजिनाला प्रेशर धरता येतंय. म्हणजे पंप ढकलतोय, पंपाच्या तोंडाची जाळी मोकळी आहे, आणि रिलीफ व्हॉल्व्ह (जीपवाल्यांचा प्रेशर व्हॉल्व्ह, जादा प्रेशर सोडून देणारा) उघडा अडकून बसलेला नाही. तो अडकला असता तर थंड असतानाही ५५ दिसलं नसतं. तेल पातळ झालं की प्रेशर जातं, याचा अर्थ पंपाच्या पुढे कुठेतरी गॅप जास्त आहे आणि गरम तेल तिथून निसटतंय.

वायसरचं म्हणाल, तर रिलीफ व्हॉल्व्ह हा वरची मर्यादा ठरवतो. गरम आयडलला ८ पीएसआयवर तो मिटलेलाच असतो. मिटलेल्या दाराला आणखी एक कडी लावून घरातली गळती थांबत नाही. वायसरने थंड प्रेशर ५५ चं ७० होईल आणि फिल्टरच्या सीलवर उगाच ताण येईल.

या बीएमसी जातीच्या इंजिनाला चालू गाडीत ५० पीएसआय आणि गरम आयडलला १५ च्या आसपास मिळायला हवं. तुमचा अर्धा माल कुठेतरी सांडतोय.

पहिलं काम गेजचं. सध्या कोणतं आहे?

कृष्णाकाठ

मास्तर, मनापासून आभार. गेज नंतर बसवलेलं, इलेक्ट्रिक आहे. मूळचं पुरात गेलं.

थाऊमास्तर

मग त्याच्यावर विश्वास ठेवू नका. ब्लॉकवर जिथे त्याचा सेन्सर आहे तिथे बारीक पाइपचं साधं मेकॅनिकल गेज लावा. गाडी तासगावपर्यंत पळवून आणा, बोनेट उघडा, आणि गरम आयडल व साधारण २००० आरपीएम असे दोन आकडे लिहा. सेल्समन सांगतो तो आकडा नको, काट्याचा आकडा हवा.

पद्मिनीवाली (सातारा)

मास्तरांच्या सांगण्याला जोडून माझा अनुभव लिहिते, कारण तो बरोबर उलटा होता.

माझी प्रीमियर पद्मिनी १९८७ची, १०८९ सीसी. इंजिन बांधल्यावर आयडलला प्रेशर छान. पण खंबाटकी चढताना तिसऱ्यात खेचलं की काटा खाली आणि दिवा लागायचा. पाय उचलला की परत ठीक. तीन जणांनी मेन बेअरिंगं गेली म्हणून सांगितलं, एकाने इंजिन परत खोलायचा खर्चही काढून दिला.

शेवटी मी स्वतः हट्टाने फक्त चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) उतरवायला लावला. जाळीला राखाडी सिलिकॉनच्या शेवया गुंडाळलेल्या. चेंबरचं गॅस्केट बसवताना कोणीतरी ट्यूब हात सैल सोडून दाबली होती, ते आतल्या बाजूला उतू आलं, तुटलं आणि जाळीवर जाऊन बसलं. आयडलला पंपाला लागेल एवढं तेल त्यातून यायचं, आरपीएम वाढले की पंप उपाशी. सांडशीने त्या शेवया एकेक काढल्या, जाळी पेट्रोलमध्ये धुतली, कॉर्कचं कोरडं गॅस्केट लावलं. आज चौथं वर्ष आहे.

म्हणून कृष्णाकाठ, आरपीएम वाढवल्यावर काटा वर जातो की खाली येतो, ते आधी बघा. वर जात असेल तर दुखणं पंपाच्या पुढे. खाली येत असेल तर पंपाच्या मागे.

थाऊमास्तर

ताई, हे इतकं नेमकं मलाही लिहिता आलं नसतं.

जीपवाला_कोरेगाव

बरं, वायसरचं मागं घेतो. मास्तरांचं पटलं. पण एक गोष्ट सांगतो, ही आमच्याच दारात घडल्याली हाय. आमच्या थोरल्या भावाच्या जीपचं इंजिन बांधलं, आन गॅलरीचा, म्हंजी ब्लॉकातल्या तेलाच्या वाटंचा, म्होरला प्लग बसवायचा राहिला. टायमिंग कव्हरच्या आत असतोय त्यो, भायेर थेंबभर तेल दिसत न्हाई. समदं तेल आतल्या आत चेंबरात. लई दिवस आमी बेअरिंगच्या नावानं खडं फोडत बसलो.

दादा, पुरातली गाडी हाय तुमची. गॅलरीचं प्लग काढून आत साफ केलंय का त्येनी?

कृष्णाकाठ

हो, ते माझ्यासमोर झालं. दोन्ही बाजूंचे प्लग ड्रिल मारून काढले. बाटली धुवायच्या ब्रशसारखा लांब बारीक ब्रश आत घातला, तर मऊ, राखाडी गाळ बाहेर आला, थेट नदीकाठच्या मातीचा वास. पाच-सहा वेळा रॉकेल आणि हवा मारली. नंतर आट्याचे प्लग बसवले. त्यात कसूर नाही.

पेट्रोलहेड_कराड

तेलाचा दांडा काढून वास घ्या. अँबेसेडरच्या मेकॅनिकल फ्युएल पंपाचा पडदा फाटला की पेट्रोल थेट चेंबरमध्ये उतरतं. तेल पातळ आणि पातळी वाढलेली. माझ्या मामांच्या गाडीला हेच झालं होतं, आणि नव्या बेअरिंगांची त्यात वाट लागली. दोन मिनिटांचं काम आहे, पण आधी करा.

हळदराजा

विषयांतर होतंय, पण राहवत नाही. १९९० च्या सुमारास मार्केट यार्डात निम्मे अडते अँबेसेडरने यायचे. मागच्या डिकीत हळदीच्या नमुन्यांच्या पिशव्या, त्यामुळे गाडी आतून कायम पिवळी आणि घमघमणारी. आमच्या आजोबांची विकून वीस वर्षं झाली, अजून त्या दाराचा 'धप्प' आवाज कानात आहे. कृष्णाकाठ, बाबांच्या गाडीचा एक फोटो टाका.

कृष्णाकाठ

हळदराजा, वाडीला जाऊ तेव्हा नक्की टाकतो.

आता आकडे. पेट्रोलहेड, दांड्याला पेट्रोलचा वास नाही, पातळीही बरोबर. मेकॅनिकल गेज लावून गाडी तासगावला नेली आणि आणली. गरम आयडल १२, २००० ला २८. म्हणजे इलेक्ट्रिक गेज थोडं कमी दाखवत होतं, पण दुखणं खरंच आहे. ताई, आरपीएम वाढवले की काटा वर जातो.

रिलीफ व्हॉल्व्हची घुमटी नटही खोलली. पुरातली गाडी, म्हटलं कण अडकला असेल. व्हॉल्व्ह स्वच्छ, बसायची कड चकचकीत, स्प्रिंगही नवी.

घाटमाथा

१२ आणि २८! हजार आरपीएमला दहा पीएसआय या हिशेबाने दोन हजारला वीस पुरतात. तुमच्याकडे २८ आहे. मी अजूनही म्हणेन, ५० चं तेल टाका आणि वाडीला जाऊन या.

थाऊमास्तर

घाटमाथा, तो हिशेब ढोबळ आहे, आणि जुन्या, झिजलेल्या इंजिनाला मी तो मान्यही करेन. पण हे इंजिन हजार किलोमीटरचं आहे. नव्या घराच्या भिंतीला ओल आली तर आपण रंग मारतो की नळ शोधतो?

कृष्णाकाठ, तेल बदलून बघायला मात्र माझी हरकत नाही. १०० अंशाला ५० ग्रेडचं तेल ४० पेक्षा दाट असतं, दोन-तीन पीएसआय वाढतील. त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नका. बाटली नको. आता मला बेअरिंगांची मापं द्या. बांधताना गॅप मोजली होती का? आणि कॅमचे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या शाफ्टचे) बुश, म्हणजे त्याची बेअरिंगं, बदलले का?

कृष्णाकाठ

मास्तर, मेन बेअरिंगांची गॅप प्लास्टिगेजने (चेपून गॅप दाखवणाऱ्या प्लास्टिकच्या बारीक पट्टीने) मोजली होती, ती पट्टी मी जपून ठेवली आहे. तिन्ही मेनना दोन थाऊच्या आत. बिग एंडही तसेच.

कॅमच्या बुशांचं विचारायला आज फोन केला. 'ते चांगले दिसत होते, म्हणून ठेवले' असं उत्तर आलं. मोजले होते का विचारलं, तर नाही.

थाऊमास्तर

मिळालं. निदान ९० टक्के मिळालं.

तेल गॅलरीतून मेनला जातं, आणि तिथून कॅमच्या तीन बुशांना. कॅम अर्ध्या वेगाने फिरतो, त्यावर धक्का कमी, म्हणून बहुतेक जण त्याच्याकडे बघतही नाहीत. पण तेलाला ते बेअरिंग कॅमचं की क्रँकचं याच्याशी देणंघेणं नाही. त्याला फक्त भोक दिसतं.

एक हिशेब लक्षात ठेवा. बेअरिंगमधून निसटणारं तेल गॅपच्या घनाने वाढतं. गॅप दुप्पट झाली तर गळती दुप्पट होत नाही, आठपट होते. तिप्पट झाली तर २७ पट. म्हणून पाच बेअरिंगं उत्तम असून एक सैल असेल, तर ते एकटं सगळ्यांचं तेल पिऊन टाकतं.

एक विचारतो. पुरानंतर इंजिन खोलायच्या आधी कोणी फिरवून बघितलं होतं का?

कृष्णाकाठ

(हे लिहायला जड जातंय.) हो. पाणी ओसरल्यावर आठवड्याभराने एकाने तेल बदलून, बॅटरी लावून स्टार्टर मारला होता. दहा-पंधरा सेकंद फिरलं. मी शेजारी उभा होतो, मला वाटलं जीव आहे अजून.

थाऊमास्तर

मनाला लावून घेऊ नका. त्या आठवड्यात अख्ख्या सांगलीने आपापल्या गाड्या, मोटारी, मिक्सर असेच फिरवून बघितले. गाळ तेव्हा गॅलरीतून बुशात ओढला गेला असणार. व्हाइट मेटल मऊ असतं, कण त्यात रुतून बसतात आणि मग सहाणेसारखं काम करतात. हजार किलोमीटर तेच चाललंय.

पण माझा अंदाज खरा मानून कॅम काढू नका. आधी डोळ्यांनी बघा. कुपवाड एमआयडीसीत माझ्या ओळखीचा मुलगा आहे, त्याच्याकडे पेंटर वापरतात ती प्रेशरची टाकी आहे. इंजिन उतरवून स्टँडवर घ्या, चेंबर काढा, खाली पत्रा ठेवा. टाकीत तेल भरा, गेजच्या भोकातून ३० पीएसआयने गॅलरीत सोडा आणि हाताने क्रँक सावकाश फिरवत खालून टॉर्च मारा. बेअरिंगमधून थेंब थेंब पडायलाच हवं, न पडलं तर उलट काळजी. धार दिसली की तिथे बोट ठेवा. शनिवारी मीही येतो.

पद्मिनीवाली

शनिवारचा वृत्तांत सविस्तर लिहा. मला हे एकदा बघायचंय.

जीपवाला_कोरेगाव

मास्तर, तुमी पलूसास्नं कुपवाडला जाणार, बिनपैशाचं. ह्याला म्हणत्यात माणूस.

कृष्णाकाठ

शनिवारचा वृत्तांत.

इंजिन शुक्रवारी उतरवलं. मास्तर सकाळी नऊला हजर, पिशवीत स्वतःचे मायक्रोमीटर, मलमलच्या फडक्यात गुंडाळलेले. बाबाही आले, खुर्ची टाकून बसले.

टाकीची नळी जोडली, हवा सोडली. पहिलं मिनिटभर काहीच नाही. मग तिन्ही मेनच्या कडांना तेल जमलं आणि थेंब सुटायला लागले, सारखे, एका लयीत. मास्तर मोजत होते. बिग एंडही तसेच. मी म्हटलं, सगळंच ठीक दिसतंय. ते म्हणाले, 'वर बघ.' टॉर्च कॅमच्या बाजूला नेला. मधल्या बुशाच्या कडेतून सुतळीएवढी जाड धार, अखंड, क्रँकच्या वेबवर पडून पत्र्यावर उडत होती. मागच्या बुशाची बारीक धार. पुढचा बुश ठीक.

मग टॅपेटची बाजूची कव्हरं, टॅपेट, डिस्ट्रिब्युटरचा ड्राइव्ह, ऑईल पंप सगळं काढून कॅम पुढून ओढला. मधला बुश खालच्या अर्ध्या भागात तांब्यासारखा लाल पडला होता, आणि उरलेल्या पांढऱ्या मेटलमध्ये मिरीच्या कुटासारखे काळे-राखाडी कण रुतलेले. नखाने घासले तरी निघेनात. मास्तरांनी मापलं. गॅप सहा थाऊ, हवी होती एक ते दोन. बाबांनी तो बुश हातात घेतला, बराच वेळ फिरवून बघितला आणि म्हणाले, 'हा कृष्णामाईचा आहे.' बुश त्यांनी खिशात ठेवला.

थाऊमास्तर

एक भर घालतो, पुढे कोणाला उपयोग होईल. या इंजिनाचे तिन्ही बुश वेगळ्या मापांचे, पुढचा मोठा, मागचा लहान, म्हणजे कॅम पुढून सरकवता येतो. बसवताना बुशाचं तेलाचं भोक ब्लॉकच्या भोकावर तंतोतंत यायला हवं, नाहीतर वर रॉकर शाफ्ट कोरडा पडतो. आणि ठोकून झाल्यावर तिन्ही एकाच रांगेत रीमरने (भोक नेमक्या मापाला आणणाऱ्या हत्याराने) मारावे लागतात. वेगवेगळे मारले तर कॅम जड फिरतो. कृष्णाकाठचे आम्ही मिरजेतल्या एका जुन्या लेथवर लांब पायलटच्या रीमरने मारले. कॅम दोन बोटांनी फिरला तेव्हाच चहा घेतला.

कॅमच्या मधल्या जर्नलवरही (बुशात फिरतो त्या भागावरही) ओरखडे होते. ते पॉलिश करून बुश त्या मापाला मारला.

घाटमाथा

मास्तर, मीही उद्या मेकॅनिकल गेज आणतोय. तीन वर्षं बाटली ओतून मी काय झाकत होतो कोण जाणे. भोसे फाट्यापलीकडे राहतो, टाकी मला मिळेल का?

थाऊमास्तर

नक्की. आधी आकडे मात्र इथे लिहा.

कृष्णाकाठ

दत्तजयंती झाली. पहाटे पाचला निघालो, बाबा पुढे, आई आणि दोन्ही बहिणी मागे. धुकं इतकं की अंकलीच्या पुलावर पुढचं दिसेना. वाडीत पार्किंगला वीस मिनिटं रांगेत इंजिन चालूच होतं. बाबा दर्शनाचं सोडून गेजकडेच बघत होते. गरम आयडल २१. येताना ताशी ६० ला ४८.

तेल अजून २०डब्ल्यू-४० च आहे. फोटो टाकतोय, हळदराजा. दार उघडं आहे त्या बाजूला बाबा.

हळदराजा

फोटो बघितला. आजोबांना दाखवायला हवा होता.

पद्मिनीवाली

कृष्णाकाठ, बाबांना नमस्कार. मास्तर, आता माझी पाळी. साताऱ्यात आमच्या ओळखीच्यांची एक १९७५ची पद्मिनी नुकतीच बांधलीय. थंड ५०, यवतेश्वरचा घाट चढून कासला पोचल्यावर आयडल ९, आरपीएम वाढवले की वर जातो. गेज मेकॅनिकल. दांड्याला पेट्रोलचा वास नाही. कॅमचे बुश बदलले का विचारलं, तर त्यांना माहीत नाही.

कृष्णाकाठ

ताई, टाकी सध्या माझ्याकडेच आहे. घाटमाथांचं झालं की रविवारी घेऊन साताऱ्याला येतो. तोवर चेंबर उतरवून ठेवायला सांगा, आणि गॅस्केट कॉर्कचं आणा.